बाबांचा काचबिंदू: डायोड लेझर करावं की ऑपरेशन? (बजेट 25 हजार)

पराटी_आर्णी
नमस्कार मंडळी. बाबा 64 वर्षांचे, कास्तकार. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. उजव्याने समोर हात हलवला तेवढंच समजते, डोळ्याचं प्रेशर 36. डाव्याने वाचता येते, पण बाजूचं दिसत नाही, प्रेशर 19. तीन ड्रॉप सुरू आहेत. गेल्या हप्त्यात डवरणी करताना उजव्या तासातली आठ-दहा पराटी (कपाशीची झाडं) डवऱ्याखाली कापत गेले, त्यांना पत्ताच नाही. आई धुऱ्यावरून ओरडली तेव्हा बैल थांबवले. डॉक्टरांनी उजव्याला डायोड लेझर सांगितलं. कोणी केलं आहे का? 25 हजारांच्या वर जमणार नाही, आणि नागपूरच्या चकरा तर मुळीच नाही.

वणीकर
भाऊ, सरळ हैदराबादले न्या. एल. व्ही. प्रसाद डोळ्यांच्या दवाखान्यात माह्या सासऱ्याचं ऑपरेशन झालं. राहणं-खाणं धरून 80 हजार गेले, पण आज ते पेपर वाचून राहिले. डोळ्याच्या बाबतीत पैसा पाहू नका.

रामटेकची_लेक
माझ्या आईचं एसएलटी लेझर झालं. दहा मिनिटं लागली, संध्याकाळी घरी येऊन तिने भाकरी टाकल्या. एक ड्रॉप बंद झाला. लेझरच करा, घाबरू नका.

धामणगाव_95
लेझरच्या नादी लागू नका. काकांचं डायोडच झालं होतं. रात्रभर डोकं धरून बसले, डोळा लाल भडक. सहा महिन्यांनी प्रेशर पुन्हा 30, मग दुसऱ्यांदा करावं लागलं. ऑपरेशन करून मोकळे व्हा.

दारव्हा_पाटील
एवढी घाई काहून? बिंदू पिकू द्या, मग शिबिरात फुकट काढून देतात. माह्या मायचा तसाच काढला.

नेत्रतपासणी_ग्रामीण
पाटील, तो मोतीबिंदू. काढला की दिसते. काचबिंदूत डोळ्याची नस वाळते, गेलेली नजर परत येत नाही. कृपा करून कोणाला थांबायला सांगू नका.

वणीकर
म्हणूनच म्हटलं, हैदराबाद.

वर्धा_लाइन
सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवा ना. एसटीत ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे.

दारव्हा_पाटील
अर्धं 65 नंतर. यांचे बाबा 64 चे. 75 नंतर फुकट.

वर्धा_लाइन
आईचं तर अर्धंच लागन ना! सोबत कोणीतरी जाईनच.

उमरेड_किराणा
टिमोलॉल ड्रॉप सुरू असेल तर दमा आहे का ते आधी डॉक्टरांना सांगा. माझ्या वडिलांना दमा असताना एका दवाखान्यात कोणी विचारलं नाही, तेच लिहून दिलं. चार दिवसांत धाप लागली. अजून राग जात नाही.

नेत्रतपासणी_ग्रामीण
पराटी भाऊ, मी रोज हेच पेशंट पाहतो, म्हणून सविस्तर लिहितो. एसएलटी आणि डायोड एक नाही. एसएलटी डोळ्याच्या आतलं पाणी निघायच्या जाळीवर करतात, सुरुवातीच्या काचबिंदूत जास्त कामाचं. डायोड पाणी तयार होते त्या भागावर करतात. शेतातलं सांगायचं तर ऑपरेशन म्हणजे नवी नाली काढणं, डायोड म्हणजे मोटरचा जोर कमी करणं. डायोडनंतर दुखते, सूज येते, कधी पुन्हा करावं लागते, काहींची उरलेली नजर आणखी कमी होते. धामणगाववाल्यांचा अनुभव खरा आहे. पण ऑपरेशननंतर सुरुवातीचे काही आठवडे वारंवार तपासणी लागते, आणि पुढे जन्मभर धूळ, घाण पाणी सांभाळावं लागते. डोळा लाल झाला की त्याच दिवशी दवाखाना.
सगळे उजव्या डोळ्यावर बोलून राहिले, मला काळजी डाव्याची आहे. एवढी नस गेलेली असताना 19 सुद्धा जास्त ठरू शकते. डाव्याचं प्रेशर किती खाली हवं, हे डॉक्टरांना विचारा. महात्मा फुले योजनेत बसते का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड सोबत न्या. आणि तुम्हीही तपासून घ्या, सख्ख्या नात्यात धोका जास्त.

रामटेकची_लेक
ड्रॉप टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. दोन ड्रॉपमध्ये पाच मिनिटं सोडायची. आईला हे दोन वर्षांनी कळलं.

धामणगाव_95
तरी मी म्हणतो, ऑपरेशन.

पराटी_आर्णी
सगळ्यांचे आभार. सेवाग्रामले जाऊन आलो. दमा नाही बाबांना. उजव्याला डायोडच करतो, पुढच्या गुरुवारी. त्या डोळ्यात नजर फार उरली नाही, प्रेशर आणि ठणका कमी व्हावा एवढंच पाहतो. बाबा वावरात गेल्याशिवाय राहणार नाहीत, आणि ऑपरेशनचा डोळा धुळीत सांभाळणं मले खरंच जमणार नाही. डाव्याचं प्रेशर 14 च्या खाली हवं म्हणाले. एक ड्रॉप बदलला, महिन्याने पाहतील. नाही उतरलं तर त्या डोळ्याचं ऑपरेशन, त्यासाठी पैसे ठेवून देतो.
ड्रॉप आतापर्यंत बाबा स्वतः टाकत होते. नर्सबाईंनी समोर टाकायला लावला तर तीन थेंबांतले दोन गालावर. आता आई टाकते.
माझंही तपासलं. प्रेशर 23 निघालं. सोमवारी फिल्ड टेस्ट आहे, बाजूचं किती दिसते ते पाहतात.