बेळगावात मराठीतून टेस्ट घेणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोण आहेत का?

खानापूरचा_मामा: नमस्कार मंडळी. भाचा सातवीत, मराठी मीडियम. तोंडी विचारलं की धडाधडा सांगतोय पण लिहायला बसला की अक्षरं उलटीपालटी, वाचायचं म्हटलं की रडकुंडीला येतोय. शाळेतल्या बाई म्हणाल्या आयक्यू आणि लर्निंग डिसॅबिलिटीची टेस्ट करून घ्या. एका ठिकाणी नेलं तर सगळे प्रश्न कन्नडात, पोरगं बावरून गप्पच बसलं आणि रिपोर्टात आयक्यू कमी दाखवलाय. ताई तेव्हापासून जेवत नाही नीट. बेळगाव, धारवाड कुठंही नेतो, सांगा की कुणीतरी.

अनगोळकर: मोबाईल काढून घ्या, आठ दिवसात सरळ होतंय.

शहापूर_अक्का: अनगोळकर, तुम्ही राहू द्या. मामा, तो रिपोर्ट आधी बाजूला ठेवा. आयक्यूसाठी बिने-कामत टेस्ट मागा, कामतांनी ती मुळात मराठी आणि कन्नड पोरांसाठीच बसवलेली, म्हणजे आपल्याच भागातल्या. पण टेस्ट जुनी आहे, त्यामुळं नुसत्या आकड्यावर जाऊ नका, घेणारा माणूस मराठीत नीट बोलतोय का ते बघा. लर्निंग डिसॅबिलिटीला निमहान्सची, म्हणजे बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची, वेगळी बॅटरी म्हणजे टेस्टचा संच असतो, त्यात वाचन-लेखन-गणित तपासतात, ते पोरगं ज्या भाषेत शिकतंय त्याच भाषेत व्हायला पाहिजे. फोनवरच विचारून घ्या, तिथं जाऊन परत यायला नको.

निपाणीकर७७: आणि नावापुढं नुसतं काउन्सेलर असलं तर थांबा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं आरसीआयकडं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडं, रजिस्ट्रेशन असतंय, नंबर बिनधास्त मागा, खरा असेल तो देतोच. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे गोळ्या देणारे डॉक्टर, ते वेगळे, पण मोठ्या हॉस्पिटलात बऱ्याचदा त्यांच्याच ओपीडीतून टेस्टला पाठवतात. नेहरूनगरचं केएलई नाहीतर सिव्हिल म्हणजे बिम्स, तिथल्या मानसोपचार विभागात चौकशी करा. धारवाडचं डिमहान्स म्हणजे मानसिक आरोग्याचं हॉस्पिटल, सरकारी आहे, गर्दी असते पण माझ्या मते तिथंच जावं, सकाळी लवकर निघा.

मास्तर_येळ्ळूर: त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या, हे लोक विसरतात. वर्गात मागं बसणारी अशी किती पोरं बघितली, चष्मा लागला आणि वाचायला लागली. सर्टिफिकेट पाहिजे असेल, दहावीला जादा वेळ वगैरे, तर ते सरकारी मेडिकल बोर्डाकडनंच घ्यावं लागतंय, प्रायव्हेट रिपोर्ट तिथं चालेलच असं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी धरलेली आहे, शाळेनं टाळाटाळ केली तर तेवढं सांगा. शाळेच्या वह्या घेऊन जा बरोबर, गेल्या वर्षीच्या पण.

शहापूर_अक्का: वह्यांचं बरोबर बोललात सर. आणि एका बैठकीत सगळं उरकतो म्हणणाऱ्याकडं जाऊ नका, पोरगं दमतंय. ताईंना पण बरोबर न्या, लहानपणी कधी बोलायला लागला वगैरे विचारतात, ते मामाला कुठलं माहीत असणार.

खानापूरचा_मामा: लई उपकार. दाजी म्हणतात आधी डोळे बघू, मग धारवाड. डिमहान्सला मराठीतून घेतात का कुणाला माहीत? आणि आधी नंबर लावावा लागतो की थेट गेलं तरी चालतंय?