मुलांना गाडी शिकवताना तुम्ही काय केलंत?

लेकीला अठरावं लागलं आणि लर्निंग लायसन मिळालं. ३० दिवसांनी पक्क्या लायसनसाठी परीक्षा देता येईल, पण देवगडचे उतार आणि पाऊस यांची तयारी त्या परीक्षेत होत नाही. शेजारी बसतो तेव्हा माझाच पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जातो. तुम्ही कसं शिकवलंत, कुठे चुकलात, मोकळेपणाने लिहा.

रत्नागिरी, बाबा
मी सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सुरुवात केली. कातळ मोकळा, सकाळी सहाला माणूस नाही. पहिले चार दिवस फक्त क्लच सोडणं आणि थांबणं. मग चढावर हँडब्रेक लावून गाडी उभी करायची, हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा सोडून, धरायची आणि मागे न सरकता काढायची. हे वीसेक वेळा जमल्यावरच आरे-वारेच्या रस्त्याला नेलं. तिथे समुद्र दिसला की नजर तिकडे जाते, मोठ्यांचीसुद्धा. म्हणून गाडी बाजूला लावून आधी मनसोक्त समुद्र बघितला, मग निघालो. एकदा वळणावर समोरून चिऱ्यांचा ट्रक आला आणि मी ओरडलो. मुलगा दचकला, गाडी बंद पडली. धोका ट्रकापेक्षा माझ्या ओरडण्याने वाढला होता. तेव्हापासून वळण यायच्या आधीच सांगतो: "पुढे डावं वळण, दुसरा गिअर, हॉर्न."

गुहागर, आई
माझी चूक सांगते. क्लास लांब आणि एसटीच्या वेळा जुळत नव्हत्या, म्हणून पंधराव्या वर्षी मुलाला स्कूटर दिली. मृगाच्या पहिल्या सरीत रस्त्यावर आलेल्या तांबड्या मातीवरून घसरला. मनगट मोडलं, हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. कायदा मी नंतर वाचला: सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने चालते ती ५० सीसीपर्यंतची, बिनगिअरची. आपल्या घरातल्या स्कूटर त्यात बसतच नाहीत. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. पण खरं सांगू? प्लास्टरमधला हात बघून जे वाटलं, ते कुठल्याच दंडाने वाटलं नसतं. किल्ली आता माझ्या कपाटात असते.

वेंगुर्ला, वय १९
मुलांच्या बाजूने लिहिते. बाबा मला शिकवताना फोनला हात लावू देत नव्हते, स्वतः मात्र चालवताना उचलायचे. मी एकदा विचारलं. ते काहीच बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांचा फोन गाडी सुरू व्हायच्या आधी डिकीत जातो. आता माझाही.

अलिबाग
शनिवार-रविवार शिकवणी बंद ठेवा, पर्यटकांच्या गाड्यांत नवशिक्याचा जीव घाबरतो. आणि वाळूत गाडी घालायला कितीही गळ घातली तरी नाहीच. चाक रुतलं आणि भरती चढू लागली की काय होतं ते आम्ही दर सुट्टीत बघतो.

चिपळूण, एसटीतून निवृत्त चालक
कुंभार्ली घाटात बरीच वर्षं काढली. दोन्ही नातींना शिकवलं. चढताना जो गिअर लागतो, तोच उतरताना ठेवायचा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट. रात्री समोरून गाडी आली की डिप्पर द्यायचा, आणि तिच्या दिव्यांकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघायचं. पावसाळ्यात गुरं डांबरावर बसतात, काळी म्हैस अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. म्हणून रात्रीचं चालवणं मी सगळ्यात शेवटी शिकवलं, आणि पहिल्या पावसात पुन्हा एकदा शेजारी बसलो. थोरली म्हणाली, "आजोबा, मला येतं आता." म्हटलं, "येतं गो, मी नुसता बसतो."

देवगड (धागा काढणारा)
आजोबा, मीही पहिल्या पावसात बसेन. उद्या सहाला सड्यावर जातोय. पुढे-मागे लाल 'एल' रात्रीच चिकटवला तिने.