अनुभव धागा: हिवाळी सत्रात शाळा घरात शिरते तेव्हा

पहिलीतल्या मुलीची आई (धागा हिनेच काढलाय)

लेक यंदा स्टायनर शाळेत पहिलीला गेली. प्रवेश घेताना अभ्यासाबद्दल सगळ्यांनी भरभरून सांगितलं. रोज सकाळी दोन तास एकच विषय, तोही सलग तीन-चार आठवडे. पाठ्यपुस्तक नाही, मुलांनी लिहून-रंगवून केलेली वही हेच पुस्तक. वर्गशिक्षक शक्यतो पहिलीपासून आठवीपर्यंत तेच. हिवाळ्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता. नोव्हेंबर लागला आणि शाळा घरात शिरली. ओट्यावर तेल लावलेले कागद वाळताहेत, सोफ्यावर लोकर, फ्रिजवर कामांच्या चार याद्या. त्यातल्या तीन याद्यांवर माझं नाव मी कधी घातलं, देव जाणे.

वाल्डोर्फ आणि स्टायनर एकच का, असं विचारणाऱ्यांसाठी: हो. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या वाल्डोर्फ-अ‍ॅस्टोरिया सिगारेट कारखान्याचे एमिल मोल्ट यांना कामगारांच्या मुलांसाठी शाळा हवी होती. ती ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांच्या देखरेखीखाली १९१९ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली. म्हणजे जिथे प्लास्टिकच्या बाहुलीकडे बघूनही नाक मुरडतात, त्या शाळांना नाव मिळालं सिगारेटवरून. मला ही गंमत फार आवडते.

तर ज्यांची मुलं तिथे आहेत किंवा होती, जे स्वतः शिकले, जे शिकवतात, त्यांनी लिहा. गोडगोड नको, झालं तसं लिहा.

दोघांची आई, थोरला चौथीत

तेल लावलेले कागद म्हणजे कंदील! ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनचा दिवस. हा रोमन सैनिक. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला याने तलवारीने आपला झगा मधोमध कापून अर्धा दिला, अशी गोष्ट. ती सांगून झाली की मुलं ओल्या कागदावर रंग सोडतात. कागद वाळला की तेल चोळायचं, म्हणजे त्यातून उजेड झिरपतो. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून घरी पिवळ्याच्या शेजारी जांभळा दिला. सकाळी पाहते तर कागदभर चिखल. बाई टेबलावर पिवळा आणि लाल एवढेच रंग का ठेवतात, ते तेव्हा कळलं.

खरी आठवण मिरवणुकीची. अंधार पडल्यावर सगळे बाहेर, हातात काठीला लटकवलेला कंदील, आत खरी मेणबत्ती. एका बाबांनी सोय म्हणून बॅटरीचा दिवा बसवून आणला होता. कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने वारा सुटला, एकेक कंदील विझायला लागला, मुलं एकमेकांच्या ज्योतीवरून पुन्हा लावून घेत होती, तेवढ्यासाठी थांबत होती, खिदळत होती. आणि बॅटरीवाला मुलगा भोकाड पसरून, "माझा का नाही विझत?"

पुढच्या वर्षी ते बाबा काडेपेटी घेऊन आले.

बालवाडीतल्या मुलाचा बाबा

माझा अनुभव कपड्यांपुरता. बालवाडी रोज बाहेर जाते. पाऊस असो, बर्फ असो, रोज म्हणजे रोज. लोकरीचा आतला थर, मधला थर, वर पाणी न शिरणारी विजार, टोपी, मोजे, हातमोजे. एवढं सगळं चढवून झालं की चिरंजीव म्हणणार, "बाबा, शू."

हातमोजे दोरीने जोडून बाहीतून ओवा. लाज वाटू देऊ नका. हरवलेल्या वस्तूंच्या टोपलीत आमचे पाच आहेत, पाचही डाव्या हाताचे.

दुसरीतल्या मुलाची आई

धागाकर्ती ताई, तुमच्या यादीत सफरचंदं असतील तर नीट वाचा. अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांच्या, सुरुवातीला चक्रव्यूहासारखी वाट करतात, सर्पिलच म्हणा. मोठ्या खोलीत सूचिपर्णी झाडाच्या फांद्या गोल गोल अंथरायच्या, मधोमध एक पेटलेली मेणबत्ती, बाकी सगळा अंधार. प्रत्येक मूल एकटं आत जातं, हातात सफरचंद, त्यात खोचलेली छोटी मेणबत्ती. मधल्या ज्योतीवर ती पेटवायची आणि परत येताना वाटेत कागदी चांदणीवर ठेवून द्यायची. शेवटच्या मुलापर्यंत खोली उजळत जाते.

आता पडद्यामागचं. सफरचंद डुगडुगतं, म्हणून बुडाची पातळ चकती कापायची. गाभा काढायचं यंत्र वापरू नका, भोक मेणबत्तीपेक्षा मोठं पडतं. पडलंच तर मेणबत्तीच्या बुडाला अ‍ॅल्युमिनियमचा कागद गुंडाळा. लांब केस बांधलेले हवेत, लोंबणारे स्कार्फ काढून ठेवायचे, आणि पाण्याची बादली हाताशी, पण दिसणार नाही अशी.

गेल्या वर्षी आमचा नंबर अकरावा. लायर, म्हणजे छोटं वीणेसारखं तंतुवाद्य, वाजतंय, कुणी खोकतसुद्धा नाही. लेक अगदी शहाण्यासारखा पावलं मोजत मध्यापर्यंत गेला, वाकला, आणि फूऽऽ. मधली मेणबत्ती विझवली! मागे वळून मोठ्याने विचारतो, "वाढदिवस कुणाचाय?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई शांतपणे उठल्या, आत गेल्या, काडी ओढली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आल्या. लायर थांबलं नव्हतं. आता आमच्या वर्गात सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट हीच आहे, आणि मला तो सांगून पुरता वैताग आणतो.

सहावीतल्या मुलीचा बाबा, बाजाराचा कायमचा हमाल

गोडगोड नको म्हणालात म्हणून लिहितो. हिवाळी बाजार. पुष्पचक्रं, लाकडी खेळणी, लोकरीच्या बाहुल्या, सूप, ब्रेड, सगळं पालकांच्या हातचं. मिळकत शाळेला. कल्पना सुंदर आहे, राबणारी माणसं मात्र दरवर्षी तीच दहा. बैठकीत माना डोलवणारे तीस असतात, रात्री टेबलं उचलायला आम्ही चौघं. यावर शाळेशी माझं दोनदा वाजलंय. उत्तर एकच, "ज्याला जमेल त्याने." ज्याला नाही म्हणता येत नाही त्याने, असं म्हणा सरळ.

तरी मेणबत्त्यांचं टेबल मी सोडत नाही. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. भांडं थेट आचेवर ठेवायचं नाही, गरम पाण्यात ठेवायचं. वात बुडवायची, लगेच बाहेर काढायची, टेबलाभोवती एक चक्कर मारायची, पुन्हा बुडवायची. चक्कर अशासाठी की थर निवला पाहिजे. आत जास्त वेळ धरली की आधी चढलेला थरही वितळून जातो, वात पुन्हा नागडी. पोरं न कुरकुरता पंचवीस-तीस चकरा मारतात. मोठी माणसं आठव्या चकरेला घड्याळ बघतात आणि मग माझ्याशी हुज्जत घालतात की मेण पातळ आहे.

शाळेतले माझे दोन जवळचे मित्र या टेबलाभोवती गोल गोल फिरताना झाले. एकाचं नाव मला पहिले दोन हिवाळे माहीतच नव्हतं.

वर्गशिक्षिका

दादा, तुमच्या चौघांत एकदा मीही होते, आठवत असेल तर!

शिक्षकांच्या बाजूचं थोडं. हिवाळ्यात बऱ्याच शाळांत शिक्षक मुलांसाठी नाटक करतात. ही ओबरउफरची नाटकं. आज स्लोव्हाकियात असलेल्या ब्रातिस्लाव्हाजवळच्या या गावातले शेतकरी ती पिढ्यान् पिढ्या करत आले होते. कार्ल युलिउस श्र्योअर यांनी एकोणिसाव्या शतकात ती गोळा केली, आणि हे श्र्योअर व्हिएन्नात स्टायनर यांचे प्राध्यापक. एक नाटक आदम-ईव्हचं, एक मेंढपाळांचं, एक तीन राजांचं. तिकीट नाही, ही शिक्षकांनी मुलांना दिलेली भेट.

भेट द्यायची म्हणजे काय, ते आम्हाला विचारा. गुरुवारी शिक्षकसभा, ती संपली की तालीम. मी तीन वर्षं सैतान होते. काळं तोंड, शेपूट, किंकाळ्या. दुसऱ्या दिवशी पहिलीतल्या मुली माझ्या वर्गाच्या दारात उभ्या. एकीने माझ्या बुटांकडे बोट दाखवलं आणि दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. दोघी पळाल्या. आठवडाभर त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं नाही, आणि आमच्याकडे सकाळी प्रत्येक मुलाचा हात हातात घेतल्याशिवाय वर्ग सुरू होत नाही!

डिसेंबरच्या मध्यापर्यंत आम्ही पार पिळून निघालेल्या असतो. पालकांना दिसतो तो फळ्यावरचा रंगीत खडूंचा देखावा. तो आदल्या संध्याकाळी सात वाजता काढलेला असतो आणि तीन आठवड्यांनी स्वतःच्याच हाताने पुसायचा असतो.

माजी विद्यार्थिनी, बारावीपर्यंत तिथेच

सगळे आई-बाबा आपापल्या दमणुकीचं लिहिताहेत, म्हणून मुलांकडून लिहिते. सर्पिल मला फारसं आठवत नाही. आठवतो तो पाचवीतला पायमोजा. पाच सुया, त्यातल्या चारांवर टाके आणि पाचवीने विणायचं. घोट्यापर्यंत मजेत जातं, मग टाच वळवायची वेळ येते आणि सगळा वर्ग रडकुंडीला येतो. माझी टाच तीनदा उसवली. एक मोजा डिसेंबरात संपला, दुसरा मार्चमध्ये, आणि दुसरा दोन बोटं लांब झाला. अजून आहेत.

दुसरी आठवण खगोलशास्त्राची. दुर्बीण नाही, आधी नुसत्या डोळ्यांनी. जानेवारीत लवकर अंधार पडायचा, त्यामुळे शाळेच्या मैदानावरच संध्याकाळी आकाश बघता यायचं. मृगाच्या पोटातले तीन तारे, म्हणजे बाण, त्याची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी. चंद्र कुठल्या झाडामागून उगवतो ते घरी रोज टिपायचं होतं. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला गेले तर चंद्रच नाही. तो रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो, हे सरांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं. मी थंडीत उभी राहून चिडले होते. वहीतलं ते पान मला तोंडपाठ आहे.

शाळा सोडलेला एक पालक

मी दुसरी बाजू लिहितो, राग नसावा. आम्ही तिसरीत मुलाला काढलं. वाचन उशिरा सुरू होतं हे मान्य करून गेलो होतो, पण लेकाला अक्षरं खरंच लागत नव्हती. "वेळ द्या, फुलेल" हे ऐकण्यात दीड वर्ष गेलं. नंतर तपासणीत डिस्लेक्सिया निघाला. थांबायचं कुठवर, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, हे माझंही चुकलं.

दुसरं, सण. मार्टिन, मग अ‍ॅडव्हेंट, त्यातच ६ डिसेंबरला सेंट निकोलस, १३ ला सेंट लुसिया. सगळा ख्रिस्ती ऋतुचक्राचा साचा. 'हे धार्मिक नाही, ऋतूचं आहे' असं सांगतात. मला ते पटलं नाही. सरळ धार्मिक आहे म्हटलं असतं तर मी जास्त मोकळेपणाने मेणबत्ती लावली असती. आणि स्टायनर यांच्या लिखाणात वंशांबद्दल जे आहे ते वाचल्यावर मी पालकसभेत प्रश्न विचारला. जर्मनीतल्या वाल्डोर्फ शाळांच्या संघाने २००७ मध्ये भेदभावाविरुद्ध जाहीर निवेदन काढलंय, ते मला दाखवलं गेलं. ठीक. पण त्या सभेनंतर सूप वाढायच्या टेबलावर माझ्याशेजारी फारसं कोणी उभं राहिलं नाही. जवळीक एवढी दाट असली की बाहेर पडलेल्याला थंडी जरा जास्तच लागते.

लेक मात्र अजून मेणाचे प्राणी करतो. बोटांत मेण ऊब येईस्तोवर दाबत बसायचं, हे तिथलंच.

दक्षिण गोलार्धातून

आमचा हिवाळा जूनमध्ये! कंदील आणि सर्पिल दोन्ही जूनमध्ये, सर्वात मोठ्या रात्रीच्या आसपास. झगा कापून देणारा मार्टिन मात्र नोव्हेंबरचाच. आमच्या शाळेत यावरून शिक्षकांमध्येच दोन तट आहेत. मी टेबलं उचलते आणि गप्प बसते.

धागाकर्ती

सगळं दोनदा वाचलं. डिस्लेक्सियाचा अनुभव लिहिणाऱ्या दादांचे विशेष आभार, पुढच्या भेटीत बाईंना "थांबायचं कुठवर?" हे विचारणार आहे, लिहून ठेवलंय.

उद्या आमचं सर्पिल. सव्वीस सफरचंदांच्या चकत्या कापून झाल्या, दोन डुगडुगताहेत. बादली पडद्यामागे ठेवायचं काम माझ्याकडे आलंय. आणि लेकीला झोपताना बजावून ठेवलंय की उद्या वाढदिवस कुणाचाही नाही. तिने विचारलं, "मग केक?"