परीक्षेसाठी नाही, नुसतं आवडीनं… सध्या काय वाचताय?

भुसावळ_पॅसेंजर:
नमस्कार मंडळी, जय खान्देश. प्रश्न एका ओळीचा आहे पण मी जरा लांबण लावणार, सांभाळून घ्या.

मी चार वर्षं आयोगाची तयारी केली, दोनदा मेन्सपर्यंत गेलो, पुढे झालं नाही. आता मार्चपासून नंदुरबारला नोकरी लागलीय, खाजगी आहे पण बरी आहे. आठवड्यातून दोनदा सुरत पॅसेंजरने जाणं-येणं असतं, एका बाजूचे चार तास तर जातातच, म्हटलं आता पुस्तकं वाचू. तर होतं काय, पुस्तक हातात घेतलं की मी पेन्सिल शोधतो. साल आलं की खाली रेघ, नाव आलं की गोल. चार वर्षांत डोळ्यांना तेच वळण लागलंय. कोसला म्हणा, नेमाडे, 1963, ज्ञानपीठ 2014. श्यामची आई म्हणा, साने गुरुजी, नाशिकचा तुरुंग, 1933. बहिणाबाईंची गाणी 1952, प्रस्तावना अत्र्यांची. झोपेत उठवून विचारा, सांगीन. पण यातलं एकही पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं नाही.

हे मला आधी कधी टोचलं नव्हतं. मागच्या महिन्यात गाडीत समोर एक म्हातारे बाबा बसले होते, धरणगाव आलं तसे म्हणाले हे बालकवींचं गाव बरं का. मी लगेच म्हटलं हो, जन्म 1890, मृत्यू 1918, भादली स्टेशनजवळ. ते खूष झाले आणि त्यांनी विचारलं, मग कोणती कविता आवडते तुला? आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. औदुंबर, फुलराणी, श्रावणमास, नावं आली फक्त. बाबा काही बोलले नाहीत, खिडकीबाहेर बघत बसले. अमळनेरपर्यंत मी पण गप्प. तेव्हापासून डोक्यात आहे की भादलीवरून जाणारी आणि धरणगाववरून जाणारी गाडी एकच, दर आठवड्याला मी त्यातून जातो आणि त्या माणसाची एक कविता मला माहीत नाही.

तर मला फक्त एवढं सांगा, तुम्ही एवढ्यात स्वतःच्या आनंदासाठी काय वाचलं आणि वाचताना काय झालं. यशाची सूत्रं वगैरे नको, ते चार वर्षं अभ्यासिकेच्या भिंतीवर चिकटवून झालंय. फार जाड नसलं तर बरं.

निवृत्तबाई_अमळनेर:
बाळा, सगळ्यात आधी ती पेन्सिल घरी ठेवून ये. मी तीस वर्षं मराठी शिकवलं आणि मुलांच्या हातात ती पेन्सिल आम्हीच दिली, त्यामुळे तुझं वाचून मला फार लागलं.

तुला बालकवी हवेत ना, मग स्मृतिचित्रे वाच. लक्ष्मीबाई टिळकांचं. जाड आहे, पण घाबरू नको, एकेक प्रसंग सुटा आहे, एक स्टेशन ते दुसरं स्टेशन एवढ्यात एक होतो. बाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, लिहितात ते बोलल्यासारखं, म्हणजे शेजारची बाई ओट्यावर बसून सांगतेय आणि आपण निवडणं टिपणं करता करता ऐकतोय. दिसेल ती वस्तू धुवून घेणारे सोवळेवाले वडील, हातातलं सगळं दुसऱ्याला देऊन टाकणारा नवरा, मग त्याने धर्म बदलल्यावर पाच वर्षांची ताटातूट, सगळं त्या असं सांगतात की आपल्याला रडू यायच्या आत हसू येतं, आणि हसून झालं की मग येतं रडू. कुणालाही वाईट ठरवत नाहीत, नवऱ्याला नाही, सासऱ्याला नाही. मला हे फार मोठं वाटतं.

आणि बालकवी त्यात आहेत. कवी म्हणून नंतर, आधी ठोमरे म्हणून, टिळकांच्या घरात लेकरासारखे वावरणारे. 1907 साली आपल्या जळगावला कविसंमेलन भरलं होतं, तिथे हे सोळा-सतरा वर्षांचं पोरगं कविता म्हणायला उभं राहिलं आणि अध्यक्ष कीर्तिकरांनी त्याला बालकवी म्हटलं, ते नाव तिथून. हे साल तुला पाठ असेलच, पण लक्ष्मीबाईंच्या घरातला ठोमरे भेटला ना की मग फुलराणी वाच, वेगळीच लागते बघ. मी गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणाची राखण करत तिसऱ्यांदा वाचलं, कुरडयांवर चिमण्या येऊन गेल्या तरी कळलं नाही मला.

रावेरची_केळी:
भाऊ बनगरवाडी घे. माडगूळकरांची, 1955 ची, सव्वाशे-दीडशे पानं असतील, जाऊन-येऊन दोन फेऱ्यांत होईल. पोरगेलासा मास्तर धनगरांच्या वाडीवर जातो, एवढीच गोष्ट. मी बागेत पाणी देताना वाचली, रात्री लाईटची पाळी होती, मोटार चालू करून खोलीत बसायचो. शेकूचा एक बैल जातो ना, मग त्याची बायको दुसऱ्या बैलाशेजारी जुवाला खांदा देते तो भाग वाचला आणि मी पुस्तक मिटून बाहेर बांधावर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ. माझ्या आज्यानं बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगितल्यात, त्या तेव्हा अर्ध्याच ऐकल्या होत्या.

लेवा_सून:
मी मूळची नाशिककडची, लग्न होऊन यावल तालुक्यात आले. मी काही फार वाचणारी नाही पण या पावसाळ्यात जे झालं ते सांगते.

बहिणाबाईंची गाणी घरात होती, पोराच्या शाळेच्या पाठांतरासाठी आणलेली. दुपारी मी मोठ्यानं वाचत होते, सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. मी तीन-चार ओळी वाचल्या असतील, त्या म्हणाल्या अशी नाही गं, आणि तीच ओळ त्यांनी त्यांच्या चालीत म्हटली, शब्द तेच पण मी वाचत होते तेव्हा ते अडखळत होते आणि त्यांच्या तोंडून ते पाण्यासारखे गेले. त्या बोलतात ती लेवा बोली आणि पुस्तकात आहे ती एकच की हो, मला पंधरा वर्षं या घरात राहून हे लक्षात आलं नव्हतं.

मग वढाय शब्द आला. मला शाळेत शिकवलं होतं वढाय म्हणजे ओढाळ. आता ओढाळ म्हणजे काय तेही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही आपलं लिहायचो. सासूबाई म्हणाल्या माझ्या माहेरी एक गाय होती वढाय, कितीही हाकला, फिरून उभ्या पिकात. शेवटी तिच्या गळ्यात लोढणं बांधलं, लाकडाचा ओंडका असतो, पळायला लागली की पायात येतो. तरी जायची म्हणे, लोढण्यासकट जायची. मी त्या दिवशी ती कविता परत वाचली. मन उभ्या पिकातल्या ढोरासारखं, म्हणजे काय ते मला चाळिसाव्या वर्षी कळलं, आणि ते पण शेंगा फोडताना.

आता आम्ही रोज दुपारी एक वाचतो. मी वाचते, त्या दुरुस्त करतात. बहिणाबाईंना स्वतःला लिहिता येत नव्हतं, त्या काम करता करता म्हणायच्या आणि सोपानदेव वगैरे घरचे उतरवून घ्यायचे. त्या 1951 ला गेल्या आणि पुस्तक नंतरच्या वर्षी आलं. त्यांनी ते छापलेलं बघितलंच नाही याचं सासूबाईंना भारी वाईट वाटतं, दोनदा विचारलं मला, खरंच नाही बघितलं का.

भाऊ तुम्ही मोठ्यानं वाचून बघा. गाडीत नको, घरी.

हॉस्टेल_ते_जळगाव:
कोसलाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी दोनदा सोडलं होतं, तिसऱ्यांदा पूर्ण केलं.

चाळीसगाव_रोड:
@हॉस्टेल_ते_जळगाव आपल्याला नाही जमलं भो ते. शंभरेक पानं गेलो, त्या पांडुरंगचं पुण्यातलं हॉस्टेल, मेस, मित्र, आणि प्रत्येक वाक्यात वगैरे. खान्देशातला लेखक म्हणून अभिमान वगैरे (बघा मला पण लागलं) सगळा आहे, पण आवडलं नाही ते नाही. भुसावळभाऊंना सुरुवातीलाच ते देऊ नका, वाचनच सोडून देतील.

त्याऐवजी रारंगढांग. प्रभाकर पेंढारकर. मी रस्त्याच्या कामावर सुपरवायझर आहे, कन्नडच्या घाटात दरड आली की आमची झोप जाते, त्यामुळे मला जरा जास्तच भिडलं असेल. हिमालयात सतलजच्या वर उभा कडा आहे, त्यातून रस्ता काढायचा, मुंबईहून गेलेला इंजिनिअर विश्वनाथ मेहेंदळे आणि वरचे लष्करी साहेब. हा म्हणतो इथे भिंत पाहिजे, ते म्हणतात ऑर्डर नाही. पुढचं सांगत नाही. पण कामावर मजूर असतात ना त्यांचा जीव कागदावर कसा मोजला जातो ते मी रोज बघतो, आणि हे पुस्तक 1981 चं आहे तरी मला आमच्याच साईटवरचं वाटलं. रात्री अकराला घेतलं, पहाटे चारला ठेवलं. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर पहिल्यांदा कठड्याचं काम बघून आलो.

हॉस्टेल_ते_जळगाव:
@चाळीसगाव_रोड नाही आवडलं तर नाही आवडलं काका, पण कुठे सोडलं ते महत्त्वाचं आहे. मी पण दोन्ही वेळा तिथंच सोडलं होतं, हॉस्टेलच्या भागात. तिसऱ्यांदा मी स्वतः पुण्यात हॉस्टेलवर होतो, सेकंड इयरला, दोन विषय राहिलेले आणि घरी सांगितलं नव्हतं. घरून फोन आला की सगळं मस्त चालूय म्हणायचो. मग ते वगैरे वगैरे मला एकदम कळलं, की हा माणूस काहीही धड सांगू शकत नाहीये, म्हणून प्रत्येक गोष्टीला वगैरे लावतोय. आणि पुढे मनीचा भाग येतो, त्याची धाकटी बहीण. तिथे मी रात्री दीडला खाली जाऊन बहिणीला फोन लावला, ती घाबरली, काय झालं म्हणे, मी म्हटलं काही नाही सहज. दुसऱ्या दिवशी घरी फोन करून राहिलेल्या विषयांचं पण सांगून टाकलं. वडील ओरडले, पण सुटलो.

तर मी एवढंच म्हणीन की ते पुस्तक वाचायची एक वेळ असते. भुसावळभाऊ तुम्ही आत्ताच परीक्षेतून बाहेर आलायत, तुमची वेळ कदाचित हीच असेल. किंवा नसेल, तर बनगरवाडी पहिली घ्या, काकांचं पण बरोबर आहे.

शहादा_मास्तर:
आश्रमशाळेवर शिकवतो. माझं वाचन कवितेचं, तेही थोडं. वाहरू सोनवणेंचा गोधड संग्रह मी दर वर्षी एकदा काढतोच. आपल्याच भागातले, भिली बोलीतून आलेले. त्यातली स्टेज नावाची कविता आठवी-नववीच्या पोरांसमोर वाचली. ते लोक स्टेजवर बसून आमचंच दुःख आम्हाला सांगत राहिले आणि आम्ही खाली, असा तिचा भाव. वाचून झाल्यावर वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरचा एक पोरगा, वर्षभरात दहा वाक्यं बोलला नसेल, उठून म्हणाला सर परत वाचा. मी परत वाचली. मग त्याने मागितली, वहीत उतरवून घेतली. मला दुसरं काही सांगता येत नाही त्या पुस्तकाबद्दल.

देवपूरची_आई:
मुलगा नऊ वर्षांचा, मोबाईल सोडत नव्हता म्हणून रात्री वाचून दाखवायला सुरू केलं. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं पाडस. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या रानातली गोष्ट आहे पण ज्योडीच्या बापाला साप चावतो तिथपासून आमच्याकडे रोज रात्री नऊला हजेरी. मराठी इतकं छान आहे की रान आपलंच वाटतं. शेवट जवळ आलाय, मला पुढचं माहितीय, त्याला नाही, आणि मी चार दिवस झाले काहीतरी कारण काढून वाचन पुढे ढकलतेय. कुणी आपल्या लेकराला हा शेवट वाचून दाखवलाय का? कसा वाचलात?

निवृत्तबाई_अमळनेर:
@देवपूरची_आई वाच गं. मध्ये थांबू नको, समजावत बसू नको. रडला तर रडू दे, शेजारी बस.

भुसावळ_पॅसेंजर:
सगळ्यांचे आभार, दोन आठवड्यांनी येतोय. एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं.

लायब्ररीतून बनगरवाडी आणि बालकवींच्या कविता, दोन्ही आणल्या. पेन्सिल मुद्दाम घरी ठेवली. पहिल्या दिवशी हात दोनदा खिशाकडे गेला, खोटं कशाला बोलू. मास्तर वाडीवर पोचतो तिथे मी गावाचं नाव, घरांची संख्या असं मनात घोकायला लागलो होतो. मग आयबू आला, आनंदा रामोशी आला, आणि कधी घोकणं बंद झालं कळलं नाही. मधे एकदा मान वर केली तर दोंडाईचा. अमळनेर कधी गेलं, नरडाणा कधी गेलं, काही पत्ता नाही. चार वर्षांत माझं असं झालेलं नाही. रावेरभाऊ, शेकूच्या बायकोचं तुम्ही आधीच सांगितलं होतं तरी मला थांबावं लागलं तिथे.

परतीच्या वेळी श्रावणमास वाचली. लेवाताईंनी गाडीत नको म्हटलं होतं तरी ओठातल्या ओठात म्हणत होतो, बाहेर कपाशीवर एकीकडे ऊन एकीकडे पाऊस, धरणगाव गेलं, जळगाव गेलं. भादली आलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि दारात जाऊन उभा राहिलो. अठ्ठावीस पण पूर्ण नव्हती, मी एकोणतीसचा आहे. एवढंच आलं मनात.

त्या बाबांना मी रोज डब्यात शोधतो, अजून दिसले नाहीत. दिसले तर सांगायला उत्तर आहे आता.

बाई, स्मृतिचित्रे आमच्या लायब्ररीत फाटलेली आहे, मधली पानं नाहीत. कुणाकडे चांगली प्रत असेल तर महिनाभरासाठी मिळेल का?

निवृत्तबाई_अमळनेर:
माझी ने. खाली रेघा आहेत पण त्या माझ्या, पहिल्या वाचनातल्या, तू लक्ष देऊ नको. शनिवारच्या गाडीने येशील ना? मी संध्याकाळी स्टेशनवर फिरायला येतेच. कोणत्या डब्यात असतोस?

भुसावळ_पॅसेंजर:
इंजिनपासून तिसरा, बाई. गाडी थोडाच वेळ थांबते, मी दारातच उभा राहीन, हातात बनगरवाडी असेल. ती तुम्हाला देतो वाचायला, लायब्ररीत परत द्यायला अजून आठ दिवस आहेत.