जुन्या गाडीत इंजेक्शनचे इंजिन: इंधनाच्या नळ्या कशा आखाव्यात?

प्रश्न: कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत मी फ्युएल इंजेक्शनचे इंजिन बसवत आहे. टाकीपासून येणारी मूळ ८ मिलिमीटरची पोलादी नळी सुस्थितीत आहे. ती ठेवून परतीची नळी (जादा इंधन टाकीत परत नेणारी) टाळता येईल का?

उत्तर १: व्यास पुरेसा आहे, प्रश्न दाबाचा आहे. कार्ब्युरेटरला साधारण ०.३ बार (दाबाचे एकक) पुरतो, इंजेक्टरना मात्र बहुधा ३ ते ४ बार लागतो. त्यामुळे नळी आतून गंजलेली नसेल तर ती चालेल, परंतु तिला जोडणारे सर्व रबरी होज एसएई जे३०आर९ दर्जाचे (इंजेक्शनच्या दाबासाठीचे) घ्यावेत आणि नळीच्या टोकांना फुगीर कडा काढून घ्यावी, अन्यथा दाबाखाली होज निसटू शकतो. जुने होज ठेवण्याचा मोह टाळा.

उत्तर २: इंधनाचा दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर टाकीजवळ बसवल्यास जादा इंधन तिथूनच परत सोडता येते. रेलवरच (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीवर) रेग्युलेटर असेल तर मात्र परतीची नळी लागतेच, आणि माझा कौल तिलाच आहे, कारण सतत फिरणारे इंधन रेलमध्ये तापून बाष्प होण्याची शक्यता कमी करते.

उत्तर ३: टाकीत इंधनाचे हेलकावे रोखणारे आडपडदे नसतील तर इंधन कमी असताना वळणावर पंप हवा ओढतो. पंप टाकीत बसवता येत नसेल, तर छोटी सर्ज टाकी (पंपाला सतत इंधन मिळावे म्हणून भरलेली राहणारी जोडटाकी) जोडावी.