सल्ला हवा: तीन वयांची मुलं आणि गुडघेदुखीच्या आजींसह बागेतल्या खेळण्यांवर जायचंय

निवांत_दुपार: नमस्कार मंडळी. मुलं 14 महिने, 4 वर्षं आणि 8 वर्षं वयाची. सोबत आम्ही दोघं आणि गुडघेदुखीच्या सासूबाई. सार्वजनिक बागेतल्या खेळण्यांवर अर्धा दिवस काढायचा आहे. वेळ कोणती बरी? खेळणी ठीक आहेत हे कसं ओळखायचं? सोबत काय न्यायचं?

वाळूचाखड्डा: अर्धा दिवस विसरा. दीड ते दोन तास पुरे, आणि ते धाकट्याच्या झोपेभोवती बसवा. बाळ झोपून उठलं, पोट भरलं की निघायचं. सकाळी लवकर गेलात तर खेळणी गार असतात, गर्दीही कमी. संध्याकाळी ऊन उतरलं तरी घसरगुंडी बराच वेळ तापलेलीच राहते. केवळ पत्र्याचीच नव्हे, प्लास्टिकची घसरगुंडी आणि खाली अंथरलेलं काळं रबरसुद्धा चटका देण्याइतकं तापतं. लहान मुलांची कातडी पातळ असते, शिवाय चटका बसताच अंग काढून घेण्याची चपळाई त्यांच्यात नसते. म्हणून आधी हाताचा मागचा भाग पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला ठेवणं नको वाटलं तर मुलांना चढवू नका. चपला-बूट खेळताना काढू देऊ नका.

निवांत_दुपार: बाळाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून आलं तर चालेल ना? एकटं सोडायची भीती वाटते.

हाडवैरी_नाही: ताई, हे मात्र अजिबात करू नका. सगळ्यांना सुरक्षित वाटतं आणि पाय मोडतो तो यातच. बाळाच्या बुटाचा रबरी तळ घसरगुंडीच्या कडेला किंवा पृष्ठभागाला धरतो, पाय तिथेच अडतो आणि वरून मोठ्या माणसाचं वजन पुढे जात राहतं. पाय पिरगळतो आणि नडगीचं हाड तडकतं. बाळ एकटं असेल तर अडकलेला पाय सहसा सुटतो, कारण मागे ढकलणारं वजनच नसतं. 14 महिन्यांच्या बाळासाठी बुटकी घसरगुंडी शोधा, बाजूला उभं राहून कमरेला धरा आणि हळू खाली आणा. अशी घसरगुंडी नसेल तर वाळू आणि बादलीसारखा, चारी बाजूंनी बंद झोका त्याला पुरेसा आहे. सपाट पट्टीच्या झोक्यावर मांडीत घेऊनही बसवू नका.

आराखडा: पोचल्यावर मुलांना सोडण्याआधी एक फेरी मारा, पाच मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात आधी जमीन. उंच खेळण्यांखाली नुसती माती, गवत किंवा फरशी असेल तर तिथे चढू देऊ नका. गवत मऊ दिसतं, पण तुडवून खालची माती दगडासारखी होते. वाळू किंवा लाकडाचा भुसभुशीत चुरा साधारण 23 सेंटिमीटर खोल हवा. झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी पायांनी उकरून खड्डा पडतो, नेमकी जिथे मुलं पडतात तिथेच वाळू उरत नाही. टाचेने उकरून बघा, लगेच टणक लागलं तर ते खेळणं वगळा. बाजूची मोकळी वाळू पायाने खड्ड्यात ओढली तरी थोडं काम भागतं.

मग कठड्यांच्या फटी. मुठीपेक्षा मोठी आणि वीतभरापेक्षा लहान फट सर्वांत वाईट. मूल पाय आधी घालतं, धड आरपार जातं आणि डोकं अडकतं.

झोक्याच्या साखळीची वरची कडी झिजून पातळ झाली आहे का, नटबोल्टची टोकं बाहेर आली आहेत का, हेही बघा. झोक्यापुढे आणि मागे, झोका टांगलेल्या दांडीच्या उंचीच्या दुप्पट जागा मोकळी लागते. 4 वर्षांची मुलं हमखास त्यातूनच पळत जातात, म्हणून वाळूवर बुटाने रेघ ओढून "याच्या आत नाही" असं आधीच दाखवा.

हाडवैरी_नाही: यात कपड्यांचं जोडते. टोपीची नाडी, ओढणी, गळ्यातलं काहीही नको, खेळण्यात अडकून गळा आवळतो. आठ वर्षांचा सायकलवरून येणार असेल तर हेल्मेट चढण्याआधी उतरवा. डोकं फटीत अडकलं की त्याच पट्ट्याचा फास होतो. आणि मंकी बार (हातांनी लोंबकळत पुढे जायच्या आडव्या दांड्या) फक्त थोरल्याला. 4 वर्षांच्या मुलाची पकड लोंबकळण्याइतकी सहसा टिकत नाही. उचलून दांडीला लटकवणंही नको. स्वतः चढता येत नाही ते खेळणं अजून त्याचं नाही, असं समजा.

वाळूचाखड्डा: माणसं वाटून घ्या. "सगळे लक्ष ठेवू" म्हटलं की कोणीच ठेवत नाही. एक जण बाळाच्या हातभर अंतरावर, दुसरा मधल्यावर. थोरल्याने खेळणं बदलताना येऊन सांगायचं. आजींसाठी पाठ आणि हात टेकायला असलेला बाक निवडा, हातांवर भार देऊन उठता येतं. तो सावलीत हवा आणि तिथून फाटक दिसायला हवं. चुकामूक झाली तर सगळ्यांनी आजींच्या बाकाशीच यायचं. निघण्यापूर्वी तिन्ही मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवा.

आराखडा: पिशवीत पाणी, बाळाचे जादा डायपर, प्रत्येकाचा कपड्यांचा एक जोड, जुना टॉवेल (दवाने ओल्या घसरगुंडीसाठी), साबण, पट्ट्या आणि गॉज. खाण्याआधी साबणानेच हात धुवा, माती लागलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही. सनस्क्रीन निघण्याच्या 15 ते 20 मिनिटं आधी. खरचटलं तर वाहत्या पाण्याखाली धुवा.

हाडवैरी_नाही: डोकं आपटल्यावर पुन्हापुन्हा उलटी, पेंगुळणं किंवा क्षणभरही शुद्ध जाणं दिसलं तर थेट दवाखाना. थोरल्याचा कायमचा दात पडलाच तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचला, दुधात बुडवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

निवांत_दुपार: मनापासून आभार. निघताना मधला रडून गोंधळ घालतो, त्याचं काय?

वाळूचाखड्डा: "पाच मिनिटं" त्याला कळत नाहीत, मोजता येईल असं सांगा: "तीन वेळा घसरगुंडी, मग बूट झटकायचे." तिसऱ्या फेरीला खाली उभे राहा आणि तिथूनच हात धरून निघा. चौथी फेरी एकदा दिलीत की पुढच्या वेळी तीनला अर्थ उरत नाही.