टॉवर पुसलेले फ्लेमिंगो

खारफुटी_ऐरोली | रविवार, रात्री ९.४०

आज सकाळी नवी मुंबईत, नेरूळच्या डीपीएस शाळेजवळच्या तळ्यावर होतो. भरतीची वेळ बघूनच गेलो होतो, कारण ओहोटीला फ्लेमिंगो ठाणे खाडीच्या चिखलात चरायला पांगतात आणि चिखल पाण्याखाली गेला की टेकायला या तळ्यांवर येतात. साडेसातच्या सुमाराला आले. काठावर आम्ही पंधरा-वीस जण, बऱ्याच जणांच्या हातात तोफेएवढ्या लेन्स. पक्षी एका पायावर, मान पंखात खुपसून उभे. काहींना तेच बघायला पुरेसं होतं. एकाला नव्हतं, त्याने दोन टाळ्या वाजवल्या. थवा उठला, शटरांचा कडकडाट झाला, थवा एक फेरी मारून पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसला. त्या गृहस्थाला तिथेच चार शब्द सुनावले, त्यामुळे तो विषय संपला.

धागा दुसऱ्याच गोष्टीसाठी काढतोय. संध्याकाळी त्याच थव्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरत आला. मागे केशरी आभाळ (सकाळी चक्क राखाडी होतं, धुरकं होतं). तळ्यामागचे राहत्या इमारतींचे टॉवर गायब. विजेच्या तारा गायब. पाण्यावर तरंगणारी वेफर्सची पाकिटं गायब. खाली ओळ, 'निसर्गाच्या कुशीत'. मूळ पोस्टला अडीच हजार लाइक. माझ्या फोटोत टॉवर, तारा, पाकिटं सगळं आहे. सतरा लाइक, त्यातले तीन घरचे.

जळफळाट आहे म्हणाल तर आहे थोडा. पण ऐका. रंग वाढवले याबद्दल माझी तक्रार नाही. टॉवर पुसले याबद्दल आहे. त्या तळ्याची खरी बातमी ते टॉवरच आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात तळ्यात भरतीचं पाणी यायचं अडलं आणि तिथे फ्लेमिंगो मरून पडले, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. ज्याने फक्त पुसलेले फोटो पाहिलेत त्याला वाटणार, एवढं अफाट रान पडलंय, त्यातलं एक डबकं बुजलं तर काय बिघडलं? पक्ष्यांना जागा किती उरली आहे, हे टॉवरशिवाय कळतच नाही.

तेव्हा माझं मत असं की आभाळ रंगवणं ही हौस, पण टॉवर पुसणं ही खोटी साक्ष. बोला.

---

मांडववाला_फोटोग्राफर | रविवार, रात्री १०.१५

साक्ष? अहो, शपथ कुणी घेतली होती?

मी ठाण्यात लग्नाचे फोटो काढतो, चौदा वर्षं झाली. नवरीच्या गालावरची पुटकुळी काढतो, मंडपामागची जनरेटरची गाडी काढतो, गेल्या महिन्यात तर रुसलेल्या आत्याबाईंना हसवून दिलं. त्या लग्नाची मी खोटी साक्ष दिली का? लोकांना तो दिवस जसा आठवायचा आहे तसा मी देतो.

आणि हे आजचं नाही. अॅन्सल अॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोत एका गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला. त्या एकाच निगेटिव्हच्या प्रती तो पुढे कित्येक वर्षं करत राहिला आणि आभाळ अधिकाधिक काळं करत नेलं. जुन्या आणि नंतरच्या प्रती शेजारी ठेवा, दोन वेगळ्या रात्री वाटतील. डार्करूममध्ये केलं की कला आणि लॅपटॉपवर केलं की पाप?

शेवटचं. तुम्ही टॉवर ठेवलेत, छान. पण काठावरची पंधरा-वीस माणसं तुमच्या फोटोत आहेत का? नाहीत ना? तुम्हीही पुसलंत. तुम्ही पायाने पुसलंत, चार पावलं पुढे जाऊन.

---

सीवूड्स_पस्तिसावा_मजला | रविवार, रात्री १०.२२

मांडववाल्यांना +१. आम्ही त्या टॉवरातच राहतो हो. उठल्यापासून झोपेपर्यंत टॉवरच बघतो. फोटोत तरी नकोत.

---

खारफुटी_ऐरोली | रविवार, रात्री १०.४०

@मांडववाला, 'पायाने पुसलंत' हे लागलं. पण फरक आहेच. मी उभा होतो तिथे कुणीही उभं राहिलं तर मला दिसलं तेच त्याला दिसेल. त्या केशरी आभाळाखाली, टॉवर नसलेल्या नेरूळमध्ये उभं राहायला जागाच नाही. आत्याबाईंचं म्हणाल तर त्यांचा रुसवा महापालिकेच्या विकास आराखड्यात येत नाही. तळं येतं.

---

गणतीवाली | सोमवार, सकाळी ७.०५

मी पक्षीगणतीला जाते, त्यामुळे माझं दुखणं वेगळं आहे. खारफुटी, तुम्ही रंगांना सूट देऊन टाकलीत, ती मला मान्य नाही.

आपल्या खाडीत फ्लेमिंगोंच्या दोन जाती येतात. मोठा रोहित बराचसा पांढरट, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. छोटा रोहित जास्त गुलाबी, चोच गडद लालसर, लांबून काळीच वाटते. आता कुणी गुलाबीची पट्टी शेवटपर्यंत सरकवली की मोठ्याचा छोटा होतो. पिल्लं तर राखाडी-मातकट असतात, त्यांनाही लोक गुलाबी करतात. 'ताई, बघा केवढा थवा' म्हणून फोटो येतात आणि त्यातून मला ना जात कळत ना वय. एकदा मोजायला बसले तर एकच पक्षी तीनदा चिकटवलेला निघाला. त्याच पायाला तोच चिखल.

खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा) मिळाला. अशा कामात पक्षी किती आणि कुठले, याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. आमच्यासाठी फोटो म्हणजे वहीचं पान. त्यावर कुणी रांगोळी काढली की पान वाया.

मांडववाल्यांचं एक मात्र बरोबर. लग्नाचा अल्बम कुणी मोजत बसत नाही.

---

मांडववाला_फोटोग्राफर | सोमवार, सकाळी ११.३०

ताई, हे पटलं. नोंदीसाठी द्यायचा फोटो वेगळा, भिंतीवर लावायचा वेगळा. भिंतीवरच्याला वहीचे नियम लावू नका एवढंच म्हणतो.

आणि सुंदर फोटोंना एवढं हिणवू नका. मे २०२४ मध्ये मुंबईला उतरणाऱ्या विमानाला घाटकोपरवर थवा धडकला, जवळजवळ चाळीस फ्लेमिंगो मेले. दुसऱ्या दिवशी माझ्या स्टुडिओत अल्बम घ्यायला आलेली बाई डोळे पुसत होती. तिने आयुष्यात खाडी पाहिलेली नाही. तिला फ्लेमिंगो माहीत होते ते आमच्यासारख्यांच्या गुलाबी फोटोंमुळेच. वेफर्सच्या पाकिटांचे फोटो बघून कुणी रडत नाही हो.

---

दिवाळे_बंदर | सोमवार, दुपारी २.१०

सगळं वाचलं. टॉवर पुसला म्हणून तुमचं भांडण चाललंय. आम्हाला तर तुम्ही दोघंही पुसता.

माझा काका सीझनला लोकांना होडीने खाडीत नेतो. दर फेरीत एक तरी सांगणारा असतो, 'दादा, ती दुसरी होडी जरा बाजूला घ्यायला सांगा ना, फ्रेममध्ये येते.' ती दुसरी होडी माझ्या बाबाची. तो जाळं ओढत असतो. त्याने कुठं जावं बाजूला? खाडीच्या बाहेर?

आणि निसर्गाची कुशी म्हणजे काय ते पण सांगतो. आजी सांगते, इथं चिंबोऱ्या, चिखलातल्या निवट्या (छोटे मासे) टोपलीभर मिळायच्या, ओहोटीला बायका हातानं काढायच्या. आता सांडपाणी आलं, केमिकल आलं, निवट्या गेल्या. त्याच घाण पाण्यात शेवाळ माजलं आणि शेवाळ खायला तुमचे गुलाबी पाहुणे आले. आमचं ताट गेलं, त्यांचं भरलं. पक्ष्यांवर राग नाय, ते बिचारे पोटापाठी आलेत. पण टॉवरवाला फोटो खरा आणि पुसलेला खोटा, असं म्हणणाऱ्याच्या फोटोत बाबा कुठं आहे ते दाखवा.

---

गणतीवाली | सोमवार, दुपारी २.४५

शेवाळाबद्दल दिवाळेकर म्हणतात तेच मत बऱ्याच अभ्यासकांचंही आहे. छोटा रोहित मुख्यतः निळं-हिरवं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो आणि त्याचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर हे शेवाळ पोसतं. नव्वदच्या दशकापासून इथे थवे वाढले त्यामागचं हे एक कारण मानतात. म्हणजे लोक फोटोत जो गुलाबी गडद करतात, त्यात थोडा वाटा आपल्या गटारांचाही आहे.

---

खारफुटी_ऐरोली | सोमवार, दुपारी ३.२०

@दिवाळे_बंदर, माझ्याकडे उत्तर नाही. चार वर्षांचे फोटो चाळले. होड्या आहेत, पण लांब, नुसत्या काळ्या आकृत्या. माणसाचा चेहरा एकातही नाही.

---

येऊरची_पायरी | सोमवार, सायंकाळी ६.३०

माझं वय ६८. उपवनला राहते, येऊरच्या जंगलात रोज चालायला जाते, कॅमेरा नाही. तुमची सगळ्यांची गाडी एकाच रुळावर आहे, फोटो कसा असावा. काढूच नये असं कुणालाच कसं वाटत नाही?

तिबोटी खंड्या माहीत असेल, मुठीत मावेल एवढा. रायगडचा जिल्हा पक्षी. पावसाळ्यात मातीच्या कडेला बीळ करून पिल्लं काढतो. गेल्या वर्षी भाच्याबरोबर पनवेलच्या पुढे एका ठिकाणी गेले. पक्षी बिळाकडे जाताना जिथे टेकतो तिथली साधी काटकी काढून कुणीतरी शेवाळलेली देखणी फांदी रोवली होती. समोर पडदा, पडद्यामागे नऊ जण. पक्षी तोंडात पाल घेऊन आला, त्या फांदीवर बसला, बिळात जायला बिचकला, परत गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. भाचा म्हणाला, 'मावशी, काय फोटो मिळाला!' त्या फोटोत एक टिंबही एडिट केलेलं नाही. खरा फोटो म्हणायचा का मग तो?

---

कळवा_लोकल | सोमवार, सायंकाळी ७.१५

काकू, तुमचा मुद्दा जबरदस्त. पण 'काढूच नये' हे येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्याने म्हणणं सोपं. माझ्या आईचे गुडघे गेलेत, तिचं सगळं रान माझ्या फोनमध्ये आहे. तिच्यासाठी मी काढतो. तीही कधी कधी विचारते, 'आभाळ खरं एवढं निळं होतं का रे?' मी हो म्हणतो.

एक गंमत सांगतो, याच पक्ष्याची. २०२४ मध्ये माइल्स अॅस्ट्रे नावाच्या छायाचित्रकाराने एका स्पर्धेत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांच्या गटात खरा फोटो घुसवला. फ्लेमिंगो मान खाली घालून पोट खाजवतोय, त्यामुळे डोकंच नसल्यासारखा दिसतो. त्या गटात परीक्षकांचं तिसरं बक्षीस आणि लोकांच्या मतांचंही बक्षीस मिळालं. मग त्यानेच सांगितलं की फोटो खरा आहे, आणि तो बाद ठरला. आता बोला, साक्ष खरी असूनही कोर्टाबाहेर.

---

सीवूड्स_पस्तिसावा_मजला | सोमवार, रात्री ८.५०

एक शंका. @खारफुटी, तुमच्या प्रोफाइलवर धबधब्यासमोर हात पसरून एकटे उभे आहात, तो खारघरचा पांडवकडाच ना? पावसाळ्यातला? तिथे पावसाळ्यात जायला बंदी असते. आणि पांडवकड्याला कुणी एकटं असतं, हे मला माझ्या पस्तिसाव्या मजल्यावरूनही पटत नाही.

---

मांडववाला_फोटोग्राफर | सोमवार, रात्री ८.५२

😂😂 आत्याबाई हसल्या बघा!

---

खारफुटी_ऐरोली | सोमवार, रात्री ९.३०

पकडलंत. पांडवकडाच. बंदी होती, गेलो होतो. उजवीकडे निदान चाळीस माणसं होती, एक जण मक्याची कणसं भाजत होता. मित्राला म्हटलं, ती कापून काढ. त्याने कापली. सहा वर्षं तोच फोटो लावून बसलोय आणि एकदाही खोटं वाटलं नाही, कारण मला तिथे खरंच एकटं वाटलं होतं. मांडववाल्यांचं 'जसं आठवायचं आहे तसं' बहुतेक हेच.

तरीही टॉवरबद्दल मत बदललेलं नाही. माझ्या एकटेपणामुळे पांडवकड्याचं पाणी कमी झालं नाही. तळ्याचं होतं. बंदी मोडलेला फोटो मिरवणं मात्र त्याहून वाईट, बघून आणखी चार पोरं जातील. तो काढून टाकतोय.

---

मांडववाला_फोटोग्राफर | सोमवार, रात्री १०.०५

काढू नका हो! मूळ, न कापलेला असेल तर लावा. कणसंवाल्यासकट. बंदी होती हेही खाली लिहा.

बरं, तुमचा सतरा लाइकवाला फोटो शोधून पाहिला. टॉवर ठेवलेत ते ठीक, पण क्षितिज तिरकं आहे आणि तारा थव्याच्या बरोबर मधून जातात, म्हणून कुणी थांबत नाही. थोडं डावीकडे सरकून, जमिनीलगत बसून घेतलात तर टॉवर पक्ष्यांच्या डोक्यावर आल्यासारखे दिसतील. लाइक मिळतील आणि तुमची साक्षही होईल. काही न पुसता. पैज?

---

खारफुटी_ऐरोली | सोमवार, रात्री १०.११

पैज. रविवारी या. भरतीची वेळ शनिवारी टाकतो. टाळ्या वाजवायच्या नाहीत.

---

दिवाळे_बंदर | सोमवार, रात्री १०.४०

तळ्यावरून झालं की बंदरावर या. बाबाला विचारलं, फोटो काढू देशील का? म्हणाला, काढा, पण जाळं ओढायला एकानं हात लावायचा.